आधी व्हर्नियर, मग पाकीट

या भागात मापं बरीच आहेत. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून संपूर्ण बोलणं इथे लिहून दिलं आहे.



आज सायकलवर बोलायचंय. दुकानातून नवी कोणती घ्यावी, हा विषय नाही. समजा, तुमच्या हाती एक जुनी स्टीलची फ्रेम आली. रेसर सायकलची. खाली वळलेलं हँडल, बारीक चाकं, आडवी सरळ दांडी, अशी जी सायकल असायची, तिचा नुसता सांगाडा. चाकं नाहीत, ब्रेक नाहीत, पायडल नाहीत. तिच्यावर पार्ट कोणते चढवायचे आणि ते कशावरून ठरवायचे?

उत्तर आधीच सांगून टाकते, मग त्याची फोड करू. पार्ट फ्रेमच्या नावावरून ठरत नाही, मापावरून ठरतो. आणि पैसा आधी थांबण्यावर जातो, दिसण्यावर नंतर.

नावावरून का नाही? कारण नाव बहुतेक वेळा उरलेलंच नसतं. फ्रेमला तीनदा रंग मारलेला असतो, स्टिकर कधीच गेलेलं असतं. आपल्याकडे मद्रासची टीआय सायकल्स १९४९ पासून, सोनीपतची अॅटलास १९५१ पासून, लुधियानाची हीरो १९५६ पासून सायकली काढत आली. बहुतेक काळ्या, सरळ हँडलच्या, दुधाचे कॅन वाहणाऱ्या. पण हीरोच्या ‘हॉक’सारख्या रेसर सायकलीही रस्त्यावर होत्या. आज त्यांचे पार्ट मागायला जाल कुठे? अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना तर ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद झाला. तेव्हा कंपनीच्या भरवशावर राहू नका. फ्रेमला विचारा. ती मिलिमीटरमध्ये उत्तर देते.

मी हे बोलतेय ते चिंचोळी एमआयडीसीतून. सोलापुरातून पुण्याकडे निघालात की बाळे, केगाव, कोंडी करत महामार्गावर चिंचोळी येते. इथे मोटारींचे कॅमशाफ्ट बनतात, रसायनं बनतात, कापड बनतं. मी एका छोट्या मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट मोजायचे, पास की रिजेक्ट ते लिहायचं. आमच्या शॉपमध्ये आयटीआय करून आलेला एक ट्रेनी आहे. शहरातून कामावर यायचं म्हणजे त्याला एका बाजूने १८ किलोमीटर. स्टायपेंडमधला मोठा तुकडा येण्याजाण्यातच जायचा. मामांच्या घरी त्याला एक रेसर फ्रेम मिळाली आणि त्याने ठरवलं, हिच्यावरच कामाला यायचं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मला मोबाईल दाखवला. कार्ट भरलेली. चकचकीत क्रँक, रंगीत चेन, चामड्याची सीट, तयार चाकांची जोडी, बारीक नवे ब्रेक. दोन महिन्यांचा स्टायपेंड. म्हणाला, “ताई, ऑर्डर टाकू का?”

मी विचारलं, “मागच्या चाकाची खाच किती मिलिमीटर?”

“म्हणजे?”

“बीबीचे आटे कुठले? ब्रेकच्या भोकापासून रिम किती खाली येते?”

तो गप्प झाला. खिशात व्हर्नियर होता त्याच्या! तपासणीत आहे पोरगा, दिवसाला शंभर पार्ट मोजतो. पण सायकल मोजायची असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी ऑर्डर थांबली. पुढचे तीन सुट्टीचे दिवस आम्ही ती फ्रेम बांधली. तेच आता क्रमाने सांगते.

आधी फ्रेम पास होऊ द्या

एक रुपया खर्च करायच्या आधी फ्रेम रिजेक्ट करायची की नाही ते बघा. जिथे नळ्या जोडलेल्या असतात, त्या सांध्यांवर केसासारखी भेग आहे का? पुढच्या डोक्याच्या नळीमागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटावर हात फिरवा. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे. अशी फ्रेम भिंतीवर टांगा, रस्त्यावर आणू नका.

मग दोरा घ्या. मागच्या एका खाचेला बांधा, पुढे डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ. आमच्यात एक मिलिमीटरचा फरक आला. चालतो. पाच-सहा आला असता तर आधी फ्रेम सरळ करून घ्यावी लागली असती.

पाच मापं

ही पाच मापं कागदावर लिहा. फ्रेमवर जुना आणि नवा, इंच आणि मिलिमीटर एकत्र नांदतात, त्यामुळे आपल्या जुन्या टर्नरांचं ‘सूत’ इथे अजून कामाला येतं. एक इंचाचे आठ सूत. चेनची पिच अर्धा इंच, म्हणजे चार सूत. पायडलचे आटे नऊ सोळांश इंच, म्हणजे साडेचार सूत.

पहिलं माप, मागच्या खाचांमधलं आतलं अंतर. पाच गिअरच्या जुन्या रेसरला ते १२० मिमी असतं, सहा-सात गिअरच्या काळातल्यांना १२६, नंतरच्यांना १३०. आमचं निघालं १२६. कार्टमधली चाकं होती १३० ची.

दुसरं, बीबी. पायडलची एक्सल जिच्यात फिरते ती आडवी नळी. बहुतेकांची रुंदी ६८ मिमी आणि आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. या आट्यांना जगभर बीएसए म्हणतात. आपल्याला बीएसए ही सायकल माहीत आहे. मुळात ती बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. यात उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. जोर लावून सरळ आट्यासारखा उघडायला गेलात, तर उलट आवळत जाल. इटालियन फ्रेमची नळी ७० मिमी रुंद, आटे ३६ मिमीचे आणि दोन्ही बाजूंना सरळ. म्हणून आधी रुंदी मोजायची, मग पान्याला हात घालायचा.

तिसरं, डोकं. फोर्कची नळी बाहेरून एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. आतून साधारण २२.२, आणि हँडलचा दांडा तेवढ्याच मापाचा घ्यायचा. खालची रिंग जिथे ठोकून बसवतात, ती जागा काही फोर्कवर २६.४ मिमी असते, काहींवर २७. फरक फक्त ०.६ चा. पण फिट म्हणजे काय हे मशीन शॉपवाल्यांना काय सांगायचं! २६.४ ची रिंग २७ वर बसणार नाही, आणि २७ ची २६.४ वर सैल राहील. सैल राहिली की हँडल खडखडतं आणि छर्रे आपली जागा खातात.

चौथं, सीटची नळी. बाहेरून एक इंच एक सूत, म्हणजे २८.६ मिमी. आतून आमची आली २६.६. म्हणजे पत्रा एक मिलिमीटर जाडीचा, आणि सीटपोस्ट लागणार २६.४ ची. रेनॉल्ड्स ५३१ ही नळी १९३५ मध्ये आली. तशा हलक्या नळीच्या फ्रेमला बहुधा २७.२ ची पोस्ट लागते, कारण पत्रा पातळ असतो. याचाच अर्थ, रंगाखाली काय दडलंय ते या एका मापावरून कळतं. आमची फ्रेम भारीतली नव्हती. मजबूत मात्र होती. पोस्ट ०.२ नेही कमी घेऊ नका. क्लँप आवळून कान जवळ येतात, पोस्ट तरी खाली घसरते.

पाचवं माप सगळ्यांत महत्त्वाचं. ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून रिमवर गट्टा जिथे घासतो, तिथपर्यंतचं अंतर. ते समजायला चाकांकडे जाऊ.

चाक आणि ब्रेक एकत्रच ठरतात

जुन्या रेसरला २७ इंची चाक असायचं. टायर बसतो त्या जागी रिमचा व्यास ६३० मिमी. हल्लीच्या रोड आणि हायब्रिड सायकलींना असतं ७०० सी, त्याचा व्यास ६२२. आपल्या काळ्या दुधवाल्या सायकलीची २८ इंची रिम ६३५ ची. तीन आकडे दिसायला जवळ आहेत, पण एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही.

आम्ही ७०० सी घेतलं. कारण साधं आहे. टायर फाटला तर सोलापुरात दुसऱ्या दिवशी मिळाला पाहिजे, आणि ७०० सी चा मिळतो. मी याला ‘बुधवारची शिफ्ट’ म्हणते. मंगळवारी संध्याकाळी पार्ट तुटला, तर बुधवारी पहिल्या शिफ्टला सायकल रस्त्यावर येईल का? येत नसेल तर तो पार्ट कामाच्या सायकलीवर नको. कपाटात ठेवायच्या सायकलीवर काहीही लावा.

आता ६३० वरून ६२२ वर आलो. व्यास आठने कमी, म्हणजे त्रिज्या चारने. रिम ब्रेकपासून चार मिलिमीटर लांब गेली. आमचं अंतर ५१ चं झालं ५५. कार्टमधले बारीक ब्रेक ३९ ते ४९ पर्यंत पोचणारे. त्यांचा गट्टा रिमवर न येता टायरवर आला असता. गट्ट्याने टायर कापला जातो, आणि तोही उतारावर, ब्रेक दाबलेला असतानाच. आम्ही ४७ ते ५७ पोचणारे ब्रेक घेतले. शिवाय ते नटवाले बघून घेतले. नव्या ब्रेकचा आत बसणारा नट ८ मिमी भोक मागतो, जुन्या फ्रेमला ६ चंच भोक असतं.

रिमबाबत तडजोड नाही, अॅल्युमिनियमचीच घ्या. क्रोम केलेली स्टीलची रिम आरशासारखी दिसते, पण पावसात गट्टा तिच्यावरून घसरत राहतो. जुलैची सकाळ डोळ्यांसमोर आणा. अंधार, रस्ता ओला, पाकणीच्या डेपोकडे जाणारा टँकर तुमच्या पुढे अचानक वळतोय. त्या क्षणी क्रँक किती चकचकीत आहे याला शून्य किंमत आहे. रिम, गट्टा आणि केबल, एवढ्यावरच सगळं उभं आहे.

केबलही बघून घ्या. ब्रेकची आतली तार साधारण दीड मिमीची, गिअरची सव्वाच्या आतली. गिअरची तार ब्रेकला कधीही लावू नका. आणि रेसर लिव्हरला लागणाऱ्या तारेचं डोकं वेगळं असतं. साध्या सायकलीच्या आडव्या दंडगोल डोक्याची तार त्यात नीट बसत नाही.

१२६ चं काय केलं?

स्टीलची फ्रेम १२६ वरून १३० पर्यंत वाकवून रुंद करता येते. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर, स्टील ते सहन करतं. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला मात्र असं कधीच करू नये. आम्ही फ्रेमला हातच लावला नाही. साधा आट्यांचा हब घेतला, ज्यावर फ्रीव्हील फिरवून बसवतात. तो होता १३० चा. आमच्या ओळखीचे चाकं बांधणारे मामा आहेत. त्यांनी तो हातात घेतला, डावीकडची चार मिलिमीटरची बुश काढली आणि म्हणाले, “फ्रेम कशाला ताणतेस बाई? हब सरकव.” एक्सल तेवढीच कापली, रिम नव्या मध्यावर ओढून घेतली. यात एक फायदाही झाला. मागच्या चाकात उजव्या तारा नेहमी जास्त ताणलेल्या आणि डाव्या ढिल्या असतात. डावीकडची बुश काढल्यामुळे दोन्ही बाजू जरा सारख्या झाल्या.

तारा ३६ ठेवल्या. एखादी तुटली तरी चाक घरापर्यंत येतं. कमी तारांच्या चाकात एक तुटली की रिम लगेच ब्रेकला घासते.

हो, या हबमध्ये एक उणीव आहे, तीही सांगते. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे खाचेपासून बरेच आत असतात, त्यामुळे जड माणूस आणि खड्डे असले की एक्सल वाकू शकते. शिमानोने १९७८ मध्ये फ्रीहब आणला, त्यात छर्रे बाहेर सरकवले आणि हे दुखणं बरंच कमी झालं. तुमचं वजन जास्त असेल किंवा मागे ओझं वाहायचं असेल, तर फ्रेम १३० करून फ्रीहबच घ्या. आमचा पोरगा काटकुळा, पाठीवर फक्त डबा. आणि फ्रीव्हील सोलापुरात कुठेही मिळतं.

गिअर कमी, पण उपयोगाचे

आपला रस्ता बऱ्यापैकी सपाट. त्रास चढाचा कमी, समोरच्या वाऱ्याचा जास्त. पुढे एकच ४२ दात्यांचं चक्र लावलं, मागे १४ ते २८ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील. हिशोब बघा. ४२ ला १८ ने भागलं की २.३३. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेरीत ४.९ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेतेवीस किलोमीटर. १८ किलोमीटरला पाऊण तास. वारा आला की मागे २४ किंवा २८ वर जायचं.

गिअरची कांडी तिरक्या नळीवर, जुन्या पद्धतीची, टिकटिक न करणारी. टिकटिक करणारी पद्धत शिमानोने १९८४ मध्ये बाजारात आणली. तिच्यात कांडी, डिरेलर आणि फ्रीव्हील एकमेकांशी जुळावेच लागतात. साध्या कांडीला कुठलाही मेळ चालतो, आपण कानाने गिअर लावतो. दोन दिवसांत सवय होते. फ्रेमला डिरेलर अडकवायचा कान नव्हता, म्हणून खाचेत बोल्टने बसणाऱ्या हुकाचा डिरेलर घेतला.

क्रँकला चौकोनी टोकाची बंद कार्ट्रिज बीबी लावली. तिची एक्सल वेगवेगळ्या लांबीत येते. लांबी अशी निवडायची की पुढचं चक्र मागच्या सातातल्या मधल्या, चौथ्या चक्राच्या रेषेत आलं पाहिजे. चेन तिरकी धावली की आवाज करते आणि लवकर झिजते.

जुनं काय ठेवायचं, काय नाही

फ्रेम जुनी चालते. स्टील बहुतेक वेळा आधी वाकून, भेग दाखवून इशारा देतं. अॅल्युमिनियमचं तसं नाही. कितीही कमी ताण असला तरी पुन्हा पुन्हा पडला की त्याचा थकवा साठत जातो, आणि एके दिवशी ते तुटतं. म्हणून भंगारातून आलेलं अॅल्युमिनियमचं हँडल, त्याचा दांडा आणि क्रँक वापरू नका, किती का सुंदर असेना. हँडल तुटलं तर माणूस सरळ तोंडावर पडतो. या तीन गोष्टी नव्या घ्या. दांड्यावर आत घालायची किमान खूण असते, तिच्यावर उचलू नका.

टायर आम्ही ७०० बाय ३२ चे घेतले, आत पंक्चररोधक पट्टी असलेले. आधी फ्रेमच्या पायांमधली जागा मोजली. दोन्ही बाजूंना चार मिलिमीटर उरले. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ उभीच असते. तिचा काटा शर्यतीच्या पातळ टायरला दाद देत नाही. ट्यूब मोटारसायकलच्या वॉल्वची घेतली, कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

आणि बसवताना प्रत्येक आट्याला ग्रीस. सीटपोस्टलाही. अॅल्युमिनियमची पोस्ट स्टीलच्या नळीत कोरडी राहिली की दोन पावसाळ्यांत अशी धरते की निघतच नाही.

मग कार्टचं काय झालं?

रंगीत चेन गेली, चामड्याची सीट गेली, चकचकीत क्रँक गेली. खर्चाचे शंभर रुपये धरले तर साठ गेले चाकं, टायर, ब्रेक आणि केबलवर. पंधरा हँडल आणि दांड्यावर. उरलेल्यात गिअर, क्रँक, चेन, बीबी बसवलं. सीट मामांच्याच जुन्या सायकलीची. आणि जी गोष्ट कार्टमध्ये नव्हतीच ती पहिल्यांदा आली, मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा.

पोरगा आता बहुतेक दिवस सायकलवर येतो. पहिल्या पावसात आल्यावर त्याने मला फक्त एवढंच सांगितलं, “ताई, थांबते.”

मंडळी, आपल्यातले कितीतरी जण दिवसभर दुसऱ्याच्या मालाची मापं घेतात. मायक्रॉनमध्ये. चूक निघाली तर आपली सही असते. पण स्वतःसाठी काही घ्यायचं झालं की आपण फोटो बघून घेतो. हे उलटं आहे. जे कौशल्य आपण पगारासाठी विकतो, ते आपल्या जिवासाठीही वापरूया की!

तेव्हा जुनी फ्रेम हाती आली, तर क्रम लक्षात ठेवा. आधी दोरा, मग पाच मापं. मग चाक आणि ब्रेक एकत्र. मग टायर, हँडल, केबल. मग गिअर. दिवे या सगळ्यांच्या बरोबरीने. रंग आणि चकाकी शेवटी, पैसे उरले तर. व्हर्नियर नसेल तर शेजारच्या आयटीआयवाल्या पोराकडून एका संध्याकाळपुरता मागून आणा. तो नाही म्हणणार नाही, उलट स्वतःच मोजायला येईल.

तुमच्या फ्रेमची पाच मापं कळवा, पार्ट काय जुळतील ते आपण मिळून बघू. येते. सांभाळून चालवा!